सोनाआत्या सभासद झाली

शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची कचेरी आमच्या घरात आली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते, एवढंच आठवतं. गावाला धड इमारत नव्हती, चावडीचं छप्पर गळत होतं, आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, सोसायटीचे चेअरमन. त्यांनी रस्त्याकडची पुढची खोली रिकामी करून, सारवून सोसायटीला दिली. भाडं घ्यायचं नाही असं ठरलं. बदल्यात सोसायटीनं खोलीवर नवी कौलं घालून दिली. एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि तीन खुर्च्या घेऊन बैलगाडी दारात उभी राहिली. चार माणसांनी "अरं धर, अरं सोड" करत ते कपाट आत नेलं आणि त्या दिवसापासून आमचं घर अर्धं आमचं आणि अर्धं गावाचं झालं.

आमचं गाव निमगाव सावाच्या पुढे, जुन्नर तालुक्याच्या उगवतीच्या अंगाला. बाजरी, कांदा, थोडा ऊस, आणि कालव्याचं पाणी आल्यापासून बऱ्याच जणांच्या डोक्यात नवनवी पिकं. स्वयंपाकघर आणि कचेरी यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे माझ्या लहानपणाचे आवाज असे मिसळून गेलेले आहेत की आजही ते मला वेगळे काढता येत नाहीत. आत आई भाकरी थापायची, बाहेर शिक्का पडायचा. पायरीवर वहाणा काढल्याचा आवाज, मग खाकरणं, मग "राम राम चेअरमन", मग तंबाखूची पिशवी सुटल्याचा बारीक आवाज. कोण आलंय ते आई नुसत्या खोकल्यावरून ओळखायची आणि त्याप्रमाणे चहात दूध कमी-जास्त करायची. पेरणीच्या आधी कोपऱ्यात खताच्या गोण्या यायच्या आणि मग आठवडाभर आमच्या पिठलं-भाकरीलासुद्धा तो उग्र वास यायचा. माझा धाकटा भाऊ कुरकुरायचा. अण्णा म्हणायचे, "हा वास हाय म्हनून भाकरी हाय."

अण्णांचं सोसायटीवर प्रेम होतं, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे. पुढे मी पुण्यात शिकले, शिक्षिका झाले, सहकारावरची पुस्तकं वाचली, पण अण्णांनी दारातल्या माणसाला जे दोन वाक्यांत समजावून सांगितलं होतं त्याहून जास्त मला त्या पुस्तकांतून कळलं नाही. जिल्हा बँक सोसायटीला पैसे देते, सोसायटी सभासदाला देते, पीक निघालं की पैसे आले त्याच वाटेनं माघारी जातात आणि पुढच्या पेरणीला पुन्हा येतात. त्याआधी माणसं बी-बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर दिवसभर बसून राहायची. अण्णांचे वडीलही तसे बसले होते. म्हणून सोसायटी निघाली तेव्हा अण्णा पहिल्या सभासदांसाठी वाडी-वस्तीवर हिंडले होते. त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं: "पाच बिघंवाल्याला येक मत, पन्नास बिघंवाल्यालाबी येकच." हे ते इतक्यांदा म्हणायचे की आम्हा मुलांना ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी होते असवले भाऊसाहेब. ते तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, नाणेघाटाजवळच्या घाटघरचे. सडपातळ, काळेसावळे, पॅन्टला खाली सायकलची क्लिप लावलेली. तीन गावांच्या सोसायट्या त्यांच्याकडे होत्या आणि तिन्ही ते सायकलवर सांभाळायचे. आठवडाभर मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहायचे आणि दुपारी आमच्याकडे जेवायचे. घरी जाऊन आले की पिशवीत नव्या भाताचा तांदूळ, नाचणी आणि अण्णांच्या पोटासाठी हिरडा घेऊन यायचे. तो तांदूळ शिजायला लागला की वासानं शेजारच्या बायका विचारायच्या, "आज सण हाय व्हय?" भाऊसाहेब बोलायचे कमी. त्यांच्या हातचं अक्षर मात्र पाहत राहावं असं होतं, आणि चेअरमनच्या घरी जेवतो म्हणून चेअरमनसाठी एक ओळ इकडची तिकडे करणारा तो माणूस नव्हता. अण्णांना ते आवडायचं. "आपल्या घरात बसून आपल्याला न्हाई म्हननारा मानूस पायजे," ते म्हणायचे.

आणि घरात होती सोनाआत्या, अण्णांची धाकटी बहीण. तिला शिनोलीला दिलं होतं, भीमाशंकरच्या रस्त्यावर. लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग अण्णांना निरोप धाडला. निघताना सासऱ्यानं तिच्या हातात एका म्हशीच्या पारडीचं दावं दिलं, दुसरं काही दिलं नाही. अण्णा आणायला गेले तर ट्रकवाला पारडी घ्यायला तयार होईना, आणि आत्या पारडी सोडून यायला तयार होईना. मग भाऊ-बहीण पारडीला घेऊन चालत निघाले. शिनोलीहून घोडेगाव, घोडेगावहून मंचर, पुढे नारायणगाव, वाटेत ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम करत. त्या वाटेवर दोघं काय बोलले ते कुणालाच माहीत नाही. आई सांगायची की दारात आले तेव्हा दोघांचे पाय फुटले होते आणि पारडी तेवढी टवटवीत होती.

त्या पारडीपासून आमच्या गोठ्यात तीन म्हशी झाल्या. आत्याचा हात म्हशींना असा काही ओळखायचा की दुसरं कुणी जवळ गेलं की त्या पान्हा चोरायच्या. ती धार काढताना गुणगुणायची नाही, बोलायची. गावातल्या बातम्या म्हशींना सांगायची, आणि आम्हाला त्या गोठ्याबाहेर उभं राहून फुकट ऐकायला मिळायच्या. स्वयंपाकात तिची खरी ख्याती मासवडीची. बेसन घोटून ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, खोबरं, लसूण आणि परतलेल्या कांद्याचं सारण पसरायचं, फडक्यानंच गुंडाळी करायची आणि माशाच्या आकारात दाबून वड्या कापायच्या. सोबत काळा झणझणीत रस्सा. एकदा बँकेचे तपासणीला आलेले साहेब कडक शाकाहारी निघाले. मासवडी हे नाव ऐकताच ते पानावरून उठायला लागले. आत्यानं दाराआडून सांगितलं की सायेब, ह्या माशाला पाणी माहीत नाही, हा शेतातलाच. साहेब बसले आणि मग तीन वेळा रस्सा मागून घेतला. त्या वर्षीचा तपासणी अहवाल चांगला आला तो मासवडीमुळे, असं गावात बराच काळ म्हणत. अण्णांना हा विनोद खपत नसे.

दूध सकाळी सायकलवाला गवळी घेऊन जायचा आणि पैसे अण्णांच्या हातात यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, बहुधा आत्यालाही नाही. मी नववीत होते त्या वर्षी सोसायटीनं बँकेकडून दुभत्या जनावरांसाठी कर्ज आणलं. गावातल्या काही जणांनी म्हशी घेतल्या. त्यातल्या एकाच्या म्हशीनं दोन महिन्यांत दूध आटवलं. त्याला ना चारा कळत होता, ना धार. तो आत्यालाच विचारायला आला. आत्यानं त्याला सगळं समजावून सांगितलं, तो गेला, आणि ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी अण्णांना म्हणाली की मलाही दोन म्हशी घ्यायच्या आहेत, सोसायटीतून. अण्णा म्हणाले, घेऊ की, माझ्या नावावर कर्ज काढतो. आत्या म्हणाली, नको, माझ्या नावावर. अण्णा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करते आहे.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला पुढ्यात बसवून अर्ज लिहायला लावला. ती चौथी शिकलेली, सही चांगली करायची, पण म्हणाली अक्षर तुझं बरं आहे. मजकूर तिनंच सांगितला. सोसायटीचं सभासद करून घ्यावं आणि म्हशींसाठी कर्ज मिळावं, एवढंच. मी शाळेत शिकलेलं "आपली नम्र" वगैरे घातलं तर तिनं ते राहू दिलं.

पंचकमिटीची बैठक आमच्या पुढच्या खोलीत भरली होती. मी आतल्या दाराशी चहाचं ताट घेऊन उभी होते. आत्याला त्या दारातून दोन पावलांत कचेरीत जाता आलं असतं. ती तशी गेली नाही. ती मागच्या दारानं बाहेर पडली, वहाणा घातल्या, घराला वळसा घालून रस्त्यावर आली, पुढच्या पायरीवर वहाणा काढल्या आणि गावातलं कुणीही जसं येईल तशी कचेरीत आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि अर्ज टेबलावर, असवले भाऊसाहेबांच्या पुढे ठेवला.

खोलीत सहा-सात माणसं होती. सगळ्यात वयस्कर धोंडीबाबा तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा तिथंच थांबला. अण्णा खुर्चीतून बघत राहिले. मग त्यांनी इतर कुणालाही विचारलं असतं तशाच आवाजात विचारलं, "काय काम काढलं?"

"सभासद व्हायचं हाय."

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, त्यावर शिक्का मारला, आणि खाली मान घालून नियम सांगितला. सभासद व्हायचं तर गावच्या हद्दीत जमीन स्वतःच्या नावावर लागते. नाममात्र सभासद होता येईल, पण त्याला मत नसतं, आणि म्हशींचं कर्जही मग चेअरमनांच्या नावावरच काढावं लागेल. कुणीतरी म्हणालं की भावाचं सगळं बहिणीचंच की, वेगळं कशाला पायजे. अण्णांच्या नावावरची जमीन आजोबांची होती. आजोबा गेले तेव्हा तलाठ्यापुढे आत्यानं सही करून हक्क सोडला होता, जसा सगळ्या बहिणी सोडतात, आणि बदल्यात तिला लुगडं-चोळी मिळाली होती. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या बहिणीनं तेच केलं होतं. ज्या बहिणीनं ते केलं नाही तिचं माहेर तुटतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी अण्णा म्हणाले, "सोना, अर्ज नियमात बसत न्हाई."

"बरं," आत्या म्हणाली. "नियमात बसायला काय लागतं ते कळलं. जमीन कुनाकडं मागायची ते मला ठावं हाय."

ती वळली, वहाणा घातल्या, पुन्हा घराला वळसा घातला आणि मागच्या दारानं आत येऊन हुलग्याचं पीठ मळायला बसली. त्या दिवशी शेंगोळी होती. तिच्या बोटांनी ती वळताना मी बघत होते. एकही वेडीवाकडी झाली नाही.

मग घरात जे दिवस गेले ते मला अजून आठवतात. भांडण झालं नाही. सगळे एकमेकांशी जरा जास्तच नीट बोलत होते. अण्णा जेवायला उशिरा यायचे, आत्या गोठ्यात जास्त वेळ राहायची, आणि म्हशींनाही बातम्या कळेनाशा झाल्या. गावात मात्र बोलायला विषय मिळाला. माझे चुलते तात्या, अण्णांचे धाकटे भाऊ, वाटणी होऊन शेजारीच राहत. ते अंगणात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं अण्णांना म्हणाले, "आज बहीन मागती. उद्या तुज्या पोरी मागत्याल. मग पोरांनी काय करायचं?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी अभ्यासाच्या पुस्तकात डोकं घातलं.

तात्या तिथून कचेरीत गेले आणि भाऊसाहेबांना म्हणाले की तो अर्ज कुठंतरी गहाळ होऊ द्या, म्हणजे सगळ्यांचीच अब्रू राहील. भाऊसाहेब तात्यांना पाणी देत म्हणाले की अर्ज आवक नोंदवहीत चढला, त्यावर शिक्का पडला, आता तो माझा नाही आणि चेअरमनांचाही नाही, सोसायटीचा आहे. तात्या पाणी न पिताच गेले. पगारासाठी तीन गावं सायकलवर हिंडणाऱ्या, पंच म्हणतील तिथं बदली होऊ शकणाऱ्या त्या माणसाला असं बोलायला काय लागलं असेल, हे मला स्वतः नोकरी लागल्यावर कळलं.

मी आईला विचारलं की तुला काय वाटतं. आई चुलीपुढे बसली होती. ती या घरात सून म्हणून आलेली; जमीन गेली तर तिच्या मुलांची जाणार होती. तिनं काटकी चुलीत सारली आणि म्हणाली, "मला इचारलं तर मी न्हाईच म्हनीन. पर मला कुनी इचारलं न्हाई. अन् मामंजी गेले तवा वन्संलाबी कुनी इचारलं नव्हतं, नुसती सही घेतली." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "हे तू तुज्या अण्णाला सांगितलंस तर सांग, न्हाई तर ऱ्हाऊ दे." मी सांगितलं. शेतात न्याहारी घेऊन गेले तेव्हा बांधावर बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी भाकरीचा घास हातात धरून ऐकलं. तो घास त्यांनी खाल्ला तेव्हा चटणी लावायची राहिली होती.

दोनेक दिवसांनी सकाळी धारा झाल्यावर ते गोठ्याशी आले आणि म्हणाले, "सोना, चल." खांद्यावर सोल टाकला, विहिरीवरचा तो जाड दोर. मलाही चल म्हणाले, दोराचं दुसरं टोक धरायला. आत्याला वाटलं माळावरच्या तुकड्याकडे निघालोय. मलाही तसंच वाटलं, कारण द्यायचीच तर लोक मुरमाड जमीन देतात. माळाचा फाटा आला, अण्णा वळले नाहीत. ओढ्याच्या काठाला आमचा मळीचा तुकडा होता, काळी भुसभुशीत माती, शेजारी विहीर. घरातला सगळा भाजीपाला तिथंच पिकायचा. तिथं जाऊन ते थांबले.

आत्या मागे सरली. "दादा, हे नगं. माळावरचं दे. मला नावापुरतंच पायजे."

"मागताना ताठ मानंनं मागितलंस," अण्णा म्हणाले, "मग घेताना का लाजती? धर तिकडून."

तिनं दोर धरला नाही, मी धरला. अण्णांनी मोजून कोपऱ्यावर दगड लावले. मोजताना ते सांगत होते की हा तुकडा माझ्या वाटणीतला आहे, तात्याच्या रेघेला धक्का लागत नाही, तेव्हा त्याला बोलायला जागा नाही. आणि मग, दगड दाबून बसवता बसवता, खाली वाकूनच म्हणाले, "गावाला सांगत फिरलो येक मानूस येक मत. अन् घरातलं मानूस मोजलंच न्हाई." आत्या बांधावर बसली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. अण्णा विहिरीवर पाय धुवायला गेले आणि बराच वेळ पाय धूत राहिले.

इथं मला नंतरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर नातेवाइकांच्या रीतीप्रमाणे हक्कसोडीचा कागद तयार होईल आणि मला बोलावणं येईल, असं मी धरून चालले होते. बोलावणं आलं, ते तलाठ्याकडे वारसनोंदीला. माझ्या भावांनी माझं नाव आपल्या नावांसोबत घातलं होतं. त्यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. त्या भागात अजूनही किती बहिणी सही करून लुगडं घेऊन परत जातात, ते मी बघते. म्हणून माझ्या भावांचं मला कौतुक वाटतं. पण ओढ्याकाठचे ते दगड आमच्या घरात फार आधी लागले होते, तेही मला माहीत आहे.

तलाठ्याचं काम झालं, सातबाऱ्यावर आत्याचं नाव चढलं आणि अर्ज पुन्हा कमिटीपुढे आला. त्या दिवशी अण्णा खुर्चीवरून उठले. अर्जदार माझी बहीण आहे, या विषयाला मी बसणार नाही, असं म्हणून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. धोंडीबाबांना खुर्चीवर बसवलं. धोंडीबाबांनी आयुष्यात कधी खुर्चीवर पाठ टेकली नव्हती, ते टोकावरच बसले, भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि कुणाची हरकत आहे का विचारलं. हरकत कशावर घ्यायची तेच कुणाला सापडेना. धोंडीबाबा म्हणाले, "घ्या करून. पर सांगून ठिवतो, फुडल्या वक्ताला माजी सून यील." सगळे हसले. धोंडीबाबा हसले नाहीत. त्यांची सून कशी आहे ते त्यांना माहीत होतं.

बँकेची मंजुरी यायला थोडे दिवस गेले. मग आत्या आणि अण्णा बेल्ह्याच्या बाजारातून दोन म्हशी घेऊन आले. एक गरीब निघाली. दुसरी मारकी, तिनं पहिल्याच दिवशी अण्णांना गोठ्यातून पळवून लावलं. आत्यानं तिच्याशी महिनाभर बोलून बोलून तिला माणसात आणलं. हप्ता भरायला ती दर वेळी त्याच वाटेनं जायची, मागच्या दारानं बाहेर, वळसा घालून पुढच्या पायरीवर. आई म्हणायची, अहो वन्सं, आतल्या दारानं जा की. आत्या म्हणायची, आतल्या दारानं मी चहा घेऊन जाते, पैसे घेऊन नाही.

सोसायटीची वार्षिक सभा मारुतीच्या देवळापुढे चिंचेखाली भरायची. सतरंज्या अंथरलेल्या, लोड फक्त बँकेच्या पाहुण्यासाठी. त्या सभेला बाई कधी आलेली नव्हती. आत्या आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. तिच्या भोवती माणसांनी एवढी जागा सोडली की तिथं आणखी आठ जण मावले असते. मी आणि माझ्या मैत्रिणी देवळाच्या ओट्यावरून बघत होतो. भाऊसाहेब सह्या घेत फिरले, तिच्यापुढे आले, खाली बसले आणि पेन उघडून दिलं.

मुख्य विषय अण्णांचा होता. सोसायटीकडे त्या वर्षी चार पैसे शिल्लक राहिले होते आणि त्यातून खतासाठी गोदाम बांधायचं असं त्यांच्या मनात कित्येक दिवस होतं. आमच्या खोलीतल्या गोण्यांना कंटाळून नव्हे; खत वेळेवर साठवलं तर पेरणीच्या तोंडाला धावाधाव होणार नाही, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता. ते चांगलं बोलले. माना हलल्या. कुणाला काही बोलायचं आहे का, असं भाऊसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि आत्या उठून उभी राहिली.

ती म्हणाली की गोदाम चांगलं आहे, पण आधी दुधाचं बघा. गवळी दुधात बोट घालतो, नखावरचा थेंब बघतो आणि भाव सांगतो. सकाळी एक भाव, पावसाळ्यात दुसरा. कर्ज काढून म्हशी आम्ही घ्यायच्या आणि दुधाची पारख त्याच्या नखानं व्हायची. सोसायटीनं फॅट तपासायचं यंत्र घ्यावं, दूध गोळा करावं, पुढं दूध संघाला घालावं. "गोदामात खत वर्षातनं दोनदा येतं," ती म्हणाली, "दूध रोज दोनदा निघतं." आणि ती खाली बसली.

कुजबुज झाली. अण्णांनी उत्तर दिलं, तेही चांगलंच दिलं: यंत्रासाठी वीज हवी, माणूस हवा, पुढच्या वर्षी बघू. मग मतं घेतली. गोदामाच्या बाजूनं हात वर झाले, पुष्कळ झाले. मग भाऊसाहेब म्हणाले, सोनाबाईंच्या सूचनेच्या बाजूनं कोण. आत्याचा हात वर गेला, बांगड्या नसलेला, कोपरापर्यंत चाऱ्यानं ओरखडलेला. भावाच्या विरोधात, त्याच्या देखत, साऱ्या गावासमोर. धोंडीबाबांनी हात अर्धा वर केला आणि तो कुठं मोजायचा ते भाऊसाहेबांवर सोडलं. मग वस्तीवरच्या चार-दोन जणांचे हात वर झाले, आणि सतरंजीच्या पार पलीकडच्या टोकाला तात्यांचा. आमच्या मैत्रिणींपैकी एक तर ओट्यावरून खाली पडायची राहिली.

गोदाम मंजूर झालं. माणसं उठली, धोतरं झटकली. तात्या आत्याजवळून जाताना थबकले आणि तिच्याकडे न बघता चिंचेच्या बुंध्याला सांगावं तसं म्हणाले, "दुधाचं तुजं खरं हाय. जमिनीचं मी आजून मानलेलं न्हाई."

"नका मानू," आत्या म्हणाली. "यंत्र आलं की दूध घालताय का, तेवढं सांगा."

घरी येताना अण्णा पुढे, आत्या दहा पावलं मागे आणि मी मधे. मला वाटत होतं आता घरात काहीतरी होणार. अण्णांनी एकदाच मागे वळून विचारलं की हे मला घरी आधी का नाही सांगितलंस. आत्या म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर घरातलं झालं असतं, दादा. मत सभेत द्यायचं असतं." अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा चालायला लागले.

आई दारातच उभी होती. काय झालं सभेत, तिनं विचारलं. अण्णांनी पायांवर पाणी घेतलं, टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोडाऊन मंजूर झालं. सोना इरोधात व्हती."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मुलगा पहिल्या नंबरानं पास झाला हे बाप ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं होतं. मग पाटावर बसले आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.